हातगाडा, कॅरम आणि इब्न सीनाचा 'मैल'

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. बी.एड.ला माझ्या दोन्ही अध्यापनपद्धती भाषेच्याच होत्या. पण मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातली उर्दू शाळा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. विज्ञानाच्या सरांची जागा रिकामी झाली, ती भरली गेली नाही आणि सहावीचे विज्ञानाचे तास माझ्या वेळापत्रकात येऊन बसले. काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या वर्षी मी 'बल व बलाचे प्रकार' हा धडा पहिल्यांदा शिकवला आणि त्याच वर्षी माझ्यामुळे एका मुलाला चारचौघांत मान खाली घालावी लागली.

झालं असं, की विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातल्या एका मुलाने चार्ट करून आणला. मजकूर मोबाईलवर फिरत आलेला होता. न्यूटनच्या सहाशे वर्षं आधी मुस्लिम शास्त्रज्ञांनी गतीचे नियम शोधले, युरोपने ते चोरले, असा एकूण सूर. खाली इब्न सीनाचं चित्र. मला चार्ट आवडला. नुसता आवडला नाही, त्याचं वरचं ठळक शीर्षक मी स्वतः बोरूने नस्तालीकमध्ये लिहून दिलं. मनात कुठेतरी फख्र होता. आपल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं ना, की विज्ञान परक्याचं नाही, तुमचंही आहे.

प्रदर्शनात दुसऱ्या शाळेतले एक वयस्कर शिक्षक परीक्षक होते. माणूस सभ्य होता. त्यांनी चार्ट शांतपणे वाचला आणि मुलाला विचारलं, "बाळा, इब्न सीनाने नेमकं काय म्हटलं होतं? ते न्यूटनच्या नियमासारखं कसं आहे, मला समजावून सांग." मुलगा गप्प. "बरं, न्यूटनचा पहिला नियम तरी सांग." मुलगा तोही विसरला. परीक्षक काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांनी टोमणा मारला असता तर मला राग काढायला जागा मिळाली असती. तीही मिळाली नाही.

परतताना मुलाने मला विचारलं, "टीचर, वो झूट था क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते खोटं आहे की खरं, हे मला माहीतच नव्हतं. मी न वाचता सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं. त्या एका प्रश्नासाठी मी पुढची दोन वर्षं जमेल तसं वाचत राहिले. त्यातून जे हाती आलं ते आज इथे मांडते आहे.

जोर संपला म्हणजे काय?

आधी वर्गाबद्दल सांगते, कारण इतिहास मला वर्गातच समजला.

पुस्तकात बलाची व्याख्या आहे, प्रकार आहेत: स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल, स्थितिक विद्युत बल. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. पण मी त्यांना साधं विचारलं, "कॅरमचा स्ट्रायकर मारल्यावर थोडा पुढे जाऊन थांबतो. का थांबतो?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "जोर संपला!"

पुढचा प्रश्न विचारला, "जोर होता कुठे?" आता उत्तरं वेगवेगळी यायला लागली. कुणी म्हणालं बोटात होता. मग बोट सुटल्यावर स्ट्रायकर चालतो कसा? कुणी म्हणालं, बोटातला जोर स्ट्रायकरमध्ये गेला. एक मुलगी म्हणाली, मागून हवा ढकलते. मी हसले नाही. आता मला माहीत आहे, की त्या दहा मिनिटांत माझ्या वर्गाने जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास बोलून दाखवला होता.

हवा ढकलते म्हणणारी मुलगी ॲरिस्टॉटलच्या बाजूला होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा ग्रीक विद्वान. अरबी-फारसी-उर्दूत त्याला 'अरस्तू' म्हणतात. त्याच्या मते हालणाऱ्या प्रत्येक वस्तूला हलवणारा कुणीतरी लागतो, आणि तो वस्तूला चिकटून असावा लागतो. दगड हातातून सुटला तरी जातो, कारण हाताने ढवळलेली हवा त्याला पुढे रेटत राहते. त्याचं आणखी एक म्हणणं होतं, की जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा तिच्या वजनाच्या प्रमाणात लवकर खाली पडते. मुलांनाही हे पटकन पटतं. शेवटी रोजचा अनुभव तसाच वाटतो: बैल थांबला की गाडी थांबते, पीस सावकाश पडतं आणि दगड धाडकन.

अरस्तूला पहिला जोरदार धक्का दिला सहाव्या शतकात, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती विद्वानाने. आपल्या अरबी ग्रंथांत तो 'याह्या अन-नहवी' म्हणून येतो. नहवी म्हणजे व्याकरणकार. भाषेच्या माणसाने विज्ञानात नाक खुपसल्याचं हे जुनं उदाहरण वाचून मला स्वतःलाच धीर आला. त्याने विचारलं, हवाच दगड ढकलत असेल तर हाताची गरज काय? दगडाच्या मागे नुसती हवा ढवळा, दगड जातो का बघा. त्याच्या मते फेकणारा हात दगडाला एक जोर देऊन टाकतो आणि तो जोर हळूहळू संपतो. दोन वेगळ्या वजनांचे दगड एकाच उंचीवरून सोडले तर ते जवळपास बरोबरच पडतात, हेही त्याने नोंदवलं आहे. गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी.

म्हणजे "जोर स्ट्रायकरमध्ये गेला आणि संपला" म्हणणारा माझा वर्ग फिलोपोनसच्या पंगतीला बसला होता.

इब्न सीना खरंच काय म्हणाला?

आता त्या चार्टवरच्या माणसाकडे येऊ. अबू अली इब्न सीना. जन्म ९८० साली बुखाराजवळ, मृत्यू १०३७ साली हमदानमध्ये. आपल्याकडे तो हकीम म्हणून जास्त ओळखला जातो, त्याच्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथामुळे. पण गतीबद्दलचं त्याचं म्हणणं आहे 'किताब अश-शिफा' या दुसऱ्या प्रचंड ग्रंथात. 'शिफा' नाव असलं तरी तो औषधांचा ग्रंथ नाही. तत्त्वज्ञान, गणित, निसर्गविज्ञान असा सगळा पसारा त्यात आहे.

इब्न सीना एक शब्द वापरतो: 'मैल'. अंतराचा मैल नव्हे. अरबीत मैल म्हणजे झुकाव. उर्दूत आपण 'माइल होना', 'मैलान' म्हणतो तो हाच शब्द. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे: 'कल'. मुलाचा कल कुठे आहे, निवडणुकीचा कल कुठे आहे, तसा वस्तूचा कल. हातात दगड धरला की तो खाली दाबतो, तो त्याचा नैसर्गिक मैल. फुगवलेला फुगा पाण्याखाली दाबून धरला की तो वर उसळू पाहतो, तोही मैल. आणि दगड फेकला की फेकणारा त्याला एक उसना मैल देतो, 'मैल-ए-कसरी', म्हणजे जबरदस्तीने दिलेला कल.

इथपर्यंत तो फिलोपोनससारखाच वाटतो. पण पुढे तो एक मोठं पाऊल टाकतो. फिलोपोनसचा जोर आपोआप संपत होता. इब्न सीना म्हणतो, हा उसना मैल आपोआप संपत नाही. त्याला हवेसारखं काहीतरी अडवतं, झिजवतं, म्हणून तो संपतो. मग अडवणारं काहीच नसेल तर? संपूर्ण पोकळीत दगड फेकला तर? त्याचं उत्तर आहे: मग तो थांबणारच नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चार्ट खरा होता की काय?

पण पुढचं पान उलटावं लागतं, आणि मोबाईलवर फिरणारे मजकूर कधीच पुढचं पान उलटत नाहीत. इब्न सीना हे सगळं सांगतो ते कशासाठी? पोकळी असूच शकत नाही हे सिद्ध करण्यासाठी! त्याचा युक्तिवाद असा: पोकळी असती तर फेकलेली वस्तू कधीच थांबली नसती; न थांबणारी अशी गती आपण कुठे पाहत नाही; म्हणून पोकळी नाही. ज्या दारातून पुढे सहाशे वर्षांनी नवं विज्ञान आत येणार होतं, त्या दारापर्यंत हा माणूस पोहोचला होता. त्याने दार पाहिलं, आणि ते बंद असल्याचा पुरावा म्हणून दाखवलं.

आणखी एक फरक आहे, आणि तो मुलांना समजावणं सगळ्यांत अवघड. इब्न सीनाच्या मते वस्तू चालत राहते कारण तिच्यात मैल आहे. गतीला आतून का होईना, एक कारण लागतंच. न्यूटनच्या पहिल्या नियमात सरळ रेषेत एकाच वेगाने चालत राहायला कारणच लागत नाही. कारण लागतं ते वेग किंवा दिशा बदलायला. बल गती टिकवत नाही, बल गती बदलतं. हे एक वाक्य समजायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. सहावीच्या मुलाला ते पस्तीस मिनिटांच्या तासात समजलं नाही म्हणून त्याला 'ढ' म्हणणाऱ्या शिक्षकाने (त्यात मीही होते) एकदा हा इतिहास वाचावा.

बुखाराहून पॅरिसपर्यंत

इब्न सीना एकटा नव्हता. त्याचा समकालीन अल-बिरूनी त्याला पत्रांतून प्रश्न विचारत होता. अठरा प्रश्न, बहुतेक अरस्तूच्या मतांवर शंका घेणारे. त्यातले दोन मी दर वर्षी वर्गात विचारते. पहिला: बर्फ पाण्यापेक्षा घट्ट दिसतो, मग तो पाण्यावर तरंगतो कसा? दुसरा: बाटलीतली हवा तोंडाने ओढून घेतली आणि बाटली पाण्यात उलटी धरली तर पाणी वर का चढतं? हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस अगदी माझ्या वर्गातल्या पोरांसारखे प्रश्न विचारत होता. आणि त्याला कुणी "गप बस" म्हटलं नाही. इब्न सीनाने उत्तरं दिली, बिरूनीला ती पटली नाहीत, त्याने पुन्हा आक्षेप घेतले.

बाराव्या शतकात बगदादमध्ये अबुल बरकात अल-बगदादी झाला. जन्माने ज्यू, व्यवसायाने हकीम; उतारवयात त्याने इस्लाम स्वीकारला. वरून पडणारी वस्तू खाली येताना अधिकाधिक वेगवान का होते, यावर त्याने उत्तर दिलं, की तिचं वजन तिला क्षणोक्षणी नवा मैल देत राहतं आणि तो साठत जातो. याचा अर्थ, सतत लागणारा जोर वेग वाढवत नेतो. अरस्तूच्या मते सारख्या जोराने सारखाच वेग मिळत होता. आज आपण ज्याला त्वरण म्हणतो, त्याच्या दिशेने टाकलेलं हे पाऊल.

पण गंमत बघा, याच अबुल बरकातने इब्न सीनाची चांगली गोष्ट सोडून दिली. त्याच्या मते उसना मैल आपोआपच संपतो. म्हणजे एकाने एक गाठ सोडवली, दुसऱ्याने दुसरी सोडवताना पहिली परत बांधून ठेवली. विज्ञानाचा इतिहास सरळ जिन्यासारखा नसतो, तो आपल्या गल्ल्यांसारखा असतो.

तिकडे अंदलूसमध्ये सरकस्त्यात, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या झारागोझात, जन्मलेला इब्न बाज्जा म्हणत होता, की हवेचा किंवा पाण्याचा अडथळा गतीला फक्त कमी करतो. तो काढून टाकला तरी वस्तूला जायला वेळ लागेलच. इब्न रुश्दला हे पटलं नाही. पण त्याने विरोध करण्यासाठी का होईना, ते आपल्या ग्रंथात नोंदवलं. त्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर झालं आणि इब्न बाज्जाचं मत युरोपात पोहोचलं ते विरोधकाच्या पाठीवर बसून. विरोधकाचं म्हणणं इमानदारीने लिहून ठेवणं हीसुद्धा इल्मची खिदमतच.

आणि मर्वमधला अल-खाझिनी. हा माझा सगळ्यांत लाडका. हा मूळचा रूमी, म्हणजे बायझंटाइन ग्रीक गुलाम. मालकाने त्याला शिकवलं, आणि ११२१ साली त्याने 'मीझान अल-हिकमा', म्हणजे शहाणपणाचा तराजू, हा ग्रंथ लिहिला. त्यात पाण्यात बुडवून तोलण्याच्या तराजूचं इतकं बारीक वर्णन आहे, की सोन्यात किती चांदी मिसळली आहे हे दागिना न वितळवता सांगता यावं. हवेलाही वजन असतं आणि पाण्यासारखीच हवाही वस्तूला थोडं उचलून धरते, हे त्याने लिहिलं. चरित्रकार सांगतात, की त्याला हजार दीनारांचं इनाम देऊ केलं गेलं तेव्हा त्याने ते परत पाठवलं. आपला वर्षाचा खर्च तीन दीनार आहे आणि घरात एक मांजर सोडून कुणी नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ बुरिदान याने 'इम्पेटस' ही कल्पना मांडली. वस्तूला मिळालेला जोर तिच्यातल्या द्रव्यावर आणि वेगावर अवलंबून असतो, आणि अडथळा नसेल तर तो टिकून राहतो. हे इब्न सीनाच्या मैलशी फार जवळचं आहे. 'शिफा'चे काही भाग बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत लॅटिनमध्ये गेले होते. पण बुरिदानने मैलची कल्पना थेट तिथून घेतली की स्वतः शोधली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. त्यामुळे 'चोरी' हा शब्द मी आता वापरत नाही. चोरी म्हणायची तर अरस्तू आणि याह्या अन-नहवी बगदादला कसे आले, हेही विचारावं लागेल. ते भाषांतराने आले, आणि आपल्या पूर्वजांनी ते लपवलं नाही, नावानिशी लिहिलं.

पुढचं पुस्तकात आहेच. गॅलिलिओने उतरत्या फळीवर गोळे सोडून पडण्याचा हिशेब मांडला, त्याचा ग्रंथ १६३८ चा. सरळ रेषेतल्या न संपणाऱ्या गतीचं तत्त्व देकार्तने १६४४ मध्ये स्पष्ट सांगितलं. आणि १६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला. त्याने तीन नियम गणितात बसवले आणि जमिनीवर पडणारा दगड व आकाशातला चंद्र यांना एकच कायदा लावला. असं त्याच्या आधी कुणी केलं नव्हतं. हे मान्य करायला आपल्याला कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही.

शब्दांचा प्रवास

मी भाषेची शिक्षिका, त्यामुळे धड्यातल्या शब्दांकडे माझं लक्ष जास्त जातं. मराठी पुस्तकातले 'गुरुत्व' आणि 'वेग' हे शब्द भारतातल्या वैशेषिक दर्शनात फार जुने आहेत. आधार सुटला की वस्तू गुरुत्वामुळे पडते, आणि सुटलेला बाण पहिल्या धक्क्यानंतर त्याच्यात उमटलेल्या संस्कारामुळे पुढे जातो, असं ते सांगतात. प्रशस्तपादाने या संस्काराला 'वेग' म्हटलं. म्हणजे बुखारातला मैल आणि इथला वेग, दोघंही एकाच कोड्याचं उत्तर शोधत होते. हा आपल्याच देशाचा वारसा आहे, मुलांना हेही सांगायला हवं.

उर्दूतले शब्द तर आपल्या परिसरातून गेलेले आहेत. हैदराबादच्या शम्सुल उमरा या अमीर घराण्यातल्या नवाब फखरुद्दीन खानांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विज्ञानाची सहा पुस्तकं उर्दूत करवून छापली, 'सित्ता-ए-शम्सिया'. पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. भौतिकशास्त्रापासून वैद्यकापर्यंत सगळं उर्दूत शिकवायचं ठरलं आणि त्यासाठी भाषांतरासाठी स्वतंत्र खातं उघडलं गेलं. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम मौलवी अब्दुल हक कितीतरी वर्षं औरंगाबादेतून चालवत होते आणि तिथूनच 'सायन्स' नावाचं उर्दू नियतकालिकही निघालं. ज्या जिल्ह्यांत आज "उर्दूत विज्ञान शिकून काय होणार" असं विचारलं जातं, तिथलीच ही कहाणी आहे.

शब्द मदत करतात, तसे फसवतातही. ज्याला मराठीत 'जडत्व' म्हणतात, त्याला उर्दूत 'जुमूद' म्हणतात. जुमूद म्हणजे गोठणं, थिजणं. दोन्ही शब्द ऐकून मुलाला वाटतं, जडत्व म्हणजे न हलणं. इंग्रजी शब्दाच्या मूळ लॅटिन रूपाचा अर्थही आळस असाच आहे. म्हणून मी वर्गात सांगते: हा असा आळशी माणूस आहे, की घरी बसला तर उठायचा कंटाळा आणि चालायला लागला तर थांबायचाही कंटाळा. एसटी सुटते तेव्हा आपण मागे जातो आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला की पुढच्या सीटवर आदळतो, ते याच आळसामुळे. मुलं हसतात, आणि विसरत नाहीत.

पोतं, चादर आणि फरशी

आता मी हा धडा असा शिकवते. एक फळी पुस्तकांवर तिरकी ठेवायची. वरून गोटी सोडायची, दर वेळी त्याच उंचीवरून, हाताने न ढकलता. खाली एकदा तागाचं पोतं, एकदा चादर, एकदा नुसती फरशी. मुलं वितीने अंतर मोजतात. पोत्यावर गोटी लगेच थांबते, चादरीवर थोडी पुढे जाते, फरशीवर थेट भिंतीला लागते. मग विचारायचं, "फळी तीच, उंची तीच, गोटी तीच. जोर आपोआप संपत असता, तर तिन्ही वेळा सारख्याच अंतरावर संपायला हवा होता ना?" वर्ग शांत होतो. त्या शांततेत फिलोपोनस मागे पडतो आणि इब्न सीना पुढे येतो. गोटी आपोआप थांबत नाही, तिला पोतं थांबवतं. कॅरमवर पावडर का टाकतो, हे मग सांगावं लागत नाही.

"आणि फरशीपेक्षाही गुळगुळीत, काहीच न अडवणारं असेल तर?" हा शेवटचा प्रश्न मी फळ्यावर लिहून तास संपवते. उत्तर दुसऱ्या दिवशी.

मी असा धडा पहिल्यांदा घेतला तेव्हा चार्टवाला मुलगा आठवीत होता. आठवीत 'बल व दाब' येतो, म्हणून मी त्यांच्या सरांना विचारून त्या वर्गावरही हीच फळी नेली. तास संपल्यावर मी त्याला थांबवलं आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दोन वर्षं उशिराने. म्हटलं, "बेटा, पूरा झूट नहीं था. पर पूरा सच भी नहीं था. आणि चूक तुझी नव्हती, माझी होती."

त्याला प्रश्न आठवतही होता की नाही, ठाऊक नाही. तो गोटीकडेच बघत होता. मग म्हणाला, "टीचर, अब्बा का गाडा भी ऐसाच है." त्याचे वडील मोंढ्यात हातगाडा ओढतात. भरलेला गाडा जागचा हलवताना सगळा जीव लागतो, एकदा चालायला लागला की तेवढा जोर लागत नाही आणि उतारावर तो थांबवताना पुन्हा जीव जातो. रस्त्यात खडी असेल तर अब्बा शिव्या देतात आणि नवीन डांबरावर गाणं म्हणतात. हे सगळं त्याने मला सांगितलं, पुस्तकातला एकही शब्द न वापरता. जडत्व, घर्षण, सगळं त्यात होतं.

मी त्याला यंत्रशास्त्राचा जुना अरबी-उर्दू शब्द सांगितला: 'जर्र-ए-सकील'. नवाबाच्या त्या सहा पुस्तकांत एक पुस्तक याच विषयाचं आहे. जर्र म्हणजे ओढणं, सकील म्हणजे जड. जड वस्तू ओढण्याची विद्या. त्याला अर्थ समजायला क्षणभर लागला. मग तो हसला. "मतलब अब्बा का काम?" म्हटलं, "हो, अब्बांचं काम. त्याच कामावर विचार करता करता हे शास्त्र झालं."

गतीचे नियम आपल्या लोकांनी शोधले की नाही, यावर भांडून आपल्या मुलांना काय मिळणार आहे, याचा मी आता फार विचार करते. त्या चार्टने मुलाला एक मोठं नाव दिलं होतं, पण हातात काहीच दिलं नव्हतं. एका प्रश्नात ते नावही गळून पडलं. इब्न सीना कुठपर्यंत पोहोचला, कुठे अडला, त्याच्या आधी एक ख्रिस्ती होता, नंतर एक जन्माने ज्यू होता, एक गुलाम होता, हे सांगितलं तर मुलाला एक रांग दिसते. त्या रांगेत सगळे चुकतात आणि तरीही पुढे सरकतात. अशा रांगेत उभं राहायला त्याला भीती वाटत नाही. नुसत्या फख्राने उभं केलेलं मूल मात्र पहिल्याच "समजावून सांग"ला खाली बसतं.

माझी शिक्षक मित्रांना आणि मोहल्ल्यातल्या पालकांना एवढीच विनंती आहे. आपल्या थोर लोकांची नावं मुलांना जरूर सांगा, पण त्या नावाबरोबर एक गोटी आणि एक फळीही द्या. आणि मोबाईलवर आलेलं सुंदर अक्षरात लिहून देण्याआधी पुढचं पान उलटून बघा. मी ते उलटलं नव्हतं.

तो जुना चार्ट माझ्या कपाटात अजून आहे. शीर्षकाची नस्तालीक चांगली जमली होती. फेकवत नाही.